रथ कुठे आहे?

बाईक पूर्ण खोलून सगळे पार्ट वर्कशॉपच्या फरशीवर मांडले, तर त्यातली 'बाईक' कोणती? इंजिन? चाकं? चेसिस?

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन हाच प्रश्न रथाबद्दल विचारतो. समोर असतो इ.स.पू. दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद. (छत्रपती संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयाला आणि नागसेनवनाला नावं मिळाली ती याच दोघांची.) दांडी म्हणजे रथ नाही, आस नाही, चाकंही नाहीत. शेवटी राजा कबूल करतो, भाग जुळले की आपण 'रथ' म्हणतो, एवढंच!

'मी'चंही तसंच. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान या पाच स्कंधांच्या जुळणीला दिलेलं ते नाव. आत वेगळा मालक बसलेला नाही. मग 'मी' आणि 'इतर' यांच्यातली रेघही आपणच मारलेली ठरते.

तर मग कालच्या चुकीला आज जबाबदार कोण? नागसेन दिव्याचा दाखला देतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहाटेची ज्योत संध्याकाळचीच नसते, पण निराळीही नसते. एकीतूनच पुढची पेटते. म्हणजे जबाबदारी सुटत नाही. सुटतो तो 'मी हा असाच' हा हट्ट.

एटीकेटी लागली म्हणून स्वतःवर कायमचा 'नापास' शिक्का मारणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. अभ्यास मात्र करावाच लागेल!