पदक कशाचे मिळाले?

पावसाळा ओसरून शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम भरात आला, म्हणजे जिल्ह्याच्या वृत्तपत्रांतून ‘जिम्नॅस्टिक्समध्ये सुवर्णपदक’ अशा मथळ्याखाली एखाद्या चिमुरड्या खेळाडूचे छायाचित्र हमखास झळकते. आईबाप ते कात्रण जपून ठेवतात, शाळा फलकावर नाव लिहिते, आणि शेजारीपाजारी तोंड भरून कौतुक करतात. ते कौतुक सर्वथैव योग्यच होय. परंतु ते पदक कोणत्या प्रकारात, कोणत्या वयोगटात, कोणाच्या विद्यमाने भरलेल्या स्पर्धेत आणि मुख्यतः कोणत्या गणनेने मिळाले, अशी पृच्छा करणारा मनुष्य सहसा भेटत नाही. वास्तविक या चार प्रश्नांच्या उत्तरांवाचून त्या पदकाचा अर्थ लागणे दुरापास्त आहे.

प्रथम प्रकारांचा विचार करू. १८८१ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या छत्राखाली आज जे अनेक क्रीडाप्रकार नांदतात, त्यांपैकी सामान्य माणसाच्या नजरेसमोर असतो तो आर्टिस्टिक. यात मुलांना फ्लोअर, पॉमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार आणि हॉरिझॉन्टल बार अशी सहा, तर मुलींना व्हॉल्ट, अनइव्हन बार, बीम आणि फ्लोअर अशी चार साधने असतात. लॉस एंजेलिस येथील १९८४ च्या ऑलिंपिकपासून मान्यता पावलेला रिदमिक हा मुलींचा प्रकार मात्र अगदी निराळ्या वृत्तीचा : तेरा मीटर लांबीरुंदीच्या चौकात संगीताच्या तालावर दोरी, हूप, चेंडू, क्लब किंवा रिबन खेळवायची, आणि ती अशी की साधन क्षणभरही निर्जीव वाटता कामा नये. हवेत सळसळणाऱ्या त्या सहा मीटरांच्या रिबनला गाठ बसली, तर ती सोडविताना मुलीच्या चेहऱ्यावरचे स्मित टिकते. गुण मात्र टिकत नाहीत. ट्रॅम्पोलिनवर दहा उड्यांची सलग मालिका घ्यावी लागते, ॲक्रोबॅटिकमध्ये दोघे, तिघी किंवा चौघे मिळून मनोरे रचतात आणि एकमेकांना हवेत फेकून झेलतात, आणि एरोबिकमध्ये दम न लागल्याचे दाखवीत दमछाक करून घ्यावयाची असते. आमचा मल्लखांब या परिवारात मोडत नाही. एरंडेल चोळलेल्या त्या खांबाचे नियम, पंच आणि संघटना सर्वस्वी स्वतंत्र असून, फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याची पहिली जागतिक स्पर्धा मुंबईत शिवाजी पार्कवर भरली होती. मल्लखांबातील पदकाला जिम्नॅस्टिक्सचे पदक म्हणण्याचा जो सैल शिरस्ता पडला आहे, तो दोन्ही खेळांवर अन्याय करणारा आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की एकाच प्रकाराच्या एकाच मेळाव्यात तीन स्वतंत्र स्पर्धा गुंफलेल्या असतात. संघाची स्पर्धा, सर्व साधनांवरील गुणांच्या बेरजेची म्हणजे ‘ऑल-अराउंड’ स्पर्धा, आणि प्रत्येक साधनाची वेगळी स्पर्धा. ऑलिंपिकच्या धर्तीवरील मेळाव्यात पात्रता फेरीवरून सर्वोत्तम चोवीस जण ऑल-अराउंडच्या आणि आठ जण प्रत्येक साधनाच्या अंतिम फेरीस जातात, तेही एका देशाचे दोनच या मर्यादेने. संघाच्या पात्रता फेरीत पाचांपैकी चौघांनी साधनावर उतरायचे आणि तिघांचे गुण धरायचे, म्हणजे एकाची घसरण माफ असते. अंतिम फेरीत मात्र तिघेच उतरतात आणि तिघांचेही गुण धरले जात असल्याने एकाच्या पडण्याने साऱ्या संघाचे पारडे वर जाते.

या तीन गणनांतील अंतर किती मोठे असू शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे आगरतळ्याची दीपा कर्माकर. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ऑल-अराउंडच्या क्रमवारीत ती इतकी मागे होती, की अंतिम फेरी तिच्या आवाक्यातही नव्हती. पण त्याच पात्रता फेरीत व्हॉल्टवर ती आठवी आली, आणि अंतिम फेरीत दोन उड्यांच्या सरासरीने १५.०६६ गुण मिळवून चौथी ठरली. कांस्यपदक अवघ्या ०.१५० गुणांनी हुकले. जिम्नॅस्ट म्हणून ती कितवी, या प्रश्नाला त्या आठवड्यात दोन उत्तरे होती आणि दोन्ही खरी होती.

आता गुणांकडे वळू. मॉन्ट्रियल येथे १९७६ साली नादिया कोमानेचीला दहापैकी दहा गुण मिळाले, तेव्हा गुणफलकाला तो आकडा दाखविताच येईना म्हणून १.०० असे झळकले, ही कथा सर्वश्रुत आहे. ती दहाची कमाल मर्यादा २००६ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून उठली. आता काठिण्याचे गुण आणि सफाईचे गुण असे दोन हिशेब मांडले जातात : काठिण्याचे शून्यापासून वर चढतात आणि त्यांना कमाल मर्यादा नाही, सफाईचे दहापासून खाली उतरतात. बीमवर चढलेल्या एखाद्या मुलीकडे पंचांच्या नजरेने पाहावे. पायाखाली दहा सेंटीमीटर रुंदीची पट्टी, जमीन सव्वा मीटर खाली, हाती नव्वद सेकंद. गुडघा किंचित वाकला, ०.१ वजा, अधिक वाकला, ०.३, तोल सावरण्यासाठी कंबरेतून झुकली, पुन्हा कात्री, आणि पडली तर पुरता एक गुण. पडल्यावर पुन्हा वर चढण्यास दहा सेकंदांची मुदत असते, आणि त्या दहा सेकंदांत रडू आवरून, हातांना पावडर लावून पुढची उडी आठवणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीचे धैर्य कोणत्याही रकान्यात नोंदले जात नाही.

सफाईच्या गुणांविरुद्ध दाद मागता येत नाही; काठिण्याच्या गुणांची फेरतपासणी मागता येते, पण मुदतीत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये फ्लोअरच्या अंतिम फेरीत अमेरिकेच्या जॉर्डन चाइल्सचे गुण अशाच अर्जावरून ०.१ ने वाढले आणि तिला कांस्यपदक मिळाले. पुढे अर्ज एका मिनिटाच्या मुदतीनंतर चार सेकंदांनी केला गेला, असा निर्णय क्रीडा लवादाने दिला, ते पदक रुमानियाच्या आना बर्बोसूकडे गेले, आणि प्रकरण स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले.

वयाचा दाखला हाही या खेळातील एक नाजूक दस्तऐवज आहे. प्रौढ गटासाठी मुलींना सोळा आणि मुलांना अठरा वर्षे त्या पंचांगवर्षात पूर्ण व्हावी लागतात. त्याखालचे सारे कनिष्ठ गटात. चौदा वर्षांच्या नादियाला आजच्या नियमाने मॉन्ट्रियलचा दरवाजाही उघडला नसता. सिडनीतील २००० सालचे चीनचे सांघिक कांस्यपदक, एक मुलगी तेव्हा चौदाच वर्षांची होती असे निष्पन्न झाल्यावर, २०१० मध्ये काढून घेण्यात आले. कनिष्ठांची स्वतंत्र जागतिक स्पर्धा हंगेरीतील ग्यॉर येथे २०१९ साली प्रथम भरली, हे पाहता महासंघाला ही जाग उशिराच आली म्हणायची.

महाराष्ट्रातील मुलासमोर मात्र तीन वेगळ्या वाटा असतात. शालेय वाट चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांची; ती जिल्ह्यावरून विभाग, विभागावरून राज्य आणि तेथून राष्ट्रीय स्पर्धेला जाते. दुसरी वाट क्रीडासंघटनेची; तीत सब-ज्युनियर, ज्युनियर, सीनियर असे टप्पे असतात. तिसरी ‘खेलो इंडिया’ची, तिचा २०१९ चा मेळावा पुण्यात बालेवाडीला भरला होता. परीक्षेतील सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतील राखीव जागा यांच्या आशेने पालकांचा ओढा कोणत्या वाटेकडे वळतो, हे सांगणे नलगे. त्यात वावगे काही नाही, मात्र प्रमाणपत्राच्या पडताळणीची वेळ आली म्हणजे स्पर्धा कोणाच्या विद्यमाने भरली होती, हाच पहिला प्रश्न विचारला जातो.

माझे मत असे, की लहान वयात काठिण्याची ही अमर्याद शिडी मुलांपुढे ठेवणे घातक आहे. व्हॉल्टवर दीपा घेत असे ती प्रोदुनोव्हा नावाची कठीण उडी, जिची काठिण्याची किंमत रिओपर्यंत ७.० होती, ती महासंघाने पुढे ६.४ वर आणली. कठीण उडीची किंमत किती चढू द्यावी याचा फेरविचार खुद्द नियमकर्त्यांनाही करावा लागला. पूर्वी ऑलिंपिकमध्येही सर्वांना सक्तीचा एकच संच करून दाखवावा लागे, आणि १९९६ च्या अटलांटानंतर तो बंद झाला. बालगटांत तरी तो मुख्य असावा, कारण सर्वांनी तेच केले म्हणजे कोण नीट करतो ते उघड दिसते, आणि प्रशिक्षकाला चतुराई करण्यास वाव उरत नाही. अमेरिकेत मुलींच्या पहिल्या पाच पायऱ्यांवर अशीच सक्तीची रचना आहे, फ्लोअरचे संगीतसुद्धा सर्वांना एकच. मुक्त रचना सहाव्या पायरीपासून सुरू होते. शिवाय तेथील या शिडीवर अद्याप जुनी दहाचीच मोजणी चालते. त्यामुळे न्यू जर्सीतील नातीने नऊ पूर्णांक सहा मिळविले आणि पुण्यातील शेजाऱ्यांच्या मुलीने त्याच बीमवर साडेदहा, तर आजोबांनी एवढ्यावरून हळहळू नये. नात कितव्या पायरीवर आहे, हे आधी विचारावे.