एकाचा शब्द, शहराला शिक्षा

१३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात जे घडले, ते कोणताही अकोलेकर विसरलेला नाही. समाजमाध्यमावरील एका मजकुराने श्रद्धा दुखावल्याचे निमित्त झाले आणि पाहता पाहता दगडफेक व जाळपोळ सुरू झाली. एका माणसाचा प्राण गेला. जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. मजकूर लिहिणारा एक. वाचा मात्र बंद झाली साऱ्या शहराची!

कायदा नव्हता काय? होता. समाजासमाजांत वैर पेटविणारे कलम १५३-अ इंग्रजांच्या काळापासून गुन्हा ठरवीत आले; आज तेच भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ आहे. शिवाय या दंगलीच्या अवघे पंधरा दिवस आधी, २८ एप्रिल रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना बजावले होते की, द्वेषमूलक भाषणाबद्दल तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा.

मग कायदा अधिक कडक करावा, असे पुष्कळांस वाटते. त्यांनी पालघर आठवावे. २०१२ साली बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने मत लिहिले, दुसरीने त्याला केवळ पसंती दिली. दोघींनाही अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ हे कलम त्यांनाही लावले गेले. पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दच केले. चर्चा निराळी, पुरस्कार निराळा आणि चिथावणी निराळी. शब्दावर बंधन यावे ते चिथावणीच्या पायरीवर, हे त्या निकालाचे सार होय.

आमच्या मते तराजू हाच असावा. मन दुखावणे आणि शेजाऱ्यावर माणसे उठविणे, या एक गोष्टी नव्हेत. पहिलीस उत्तर शब्दाने द्यावे. दुसरीस कायद्याने, आणि तेही विनाविलंब. पण पोलीस जर गर्दी पाहूनच तत्पर होऊ लागले, तर ज्याचा जमाव मोठा त्याची भावना मोठी, हाच धडा लोक शिकतील. चिथावणीखोर मग तो कोणत्याही धर्माचा असो, आणि दगड उचलणारा कोणत्याही वस्तीतला असो, दोघांस एकच माप लागले पाहिजे.

मोर्णेकाठच्या या वस्तीत राजराजेश्वराची घंटा आणि मशिदीची अजान पिढ्यान् पिढ्या एकत्र ऐकू येत आली आहे. ती उद्याही निर्भयपणे ऐकू यावी, यासाठी नवे कलम नको. आहे ते कलम निःपक्षपातीपणे चालविणारा हात हवा.