वस्तादाची फी पहिल्या तारखेला द्या

संध्याकाळी सहाच्या सुमारास इंदोरा, पाचपावली भागातून फेरी मारली, की एखाद्या विहाराच्या पटांगणातून मुलांच्या आरोळ्या ऐकू येतात. पांढरा पोशाख, अनवाणी पाय, कमरेला पिवळा नाहीतर हिरवा पट्टा. कराटेचा वर्ग चालू असतो. शिकवणारा बहुधा आपल्याच वस्तीतला, काळा पट्टा मिळवलेला आणि नोकरीच्या शोधात वय वाढत चाललेला.

हिशेब करून पाहा. चाळीस मुले, महिना तीनशे रुपये फी, म्हणजे बारा हजार. पण निम्मे पालक "पुढच्या महिन्यात देतो" म्हणतात. समोरचा जयभीम करतो, नात्यातला निघतो, मग मागायचे कसे? जे हाती येते त्यातून दिवाबत्ती, सतरंज्या, मलमपट्टीचा डबा. वर्षभराने वर्ग बंद पडतो आणि मुलगा कुठेतरी रखवालदार म्हणून लागतो. वस्तीचे नुकसान होते ते वेगळेच.

आपल्याला तालमीचा वारसा आहे. पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. जोतीराव फुले तिथे दांडपट्टा शिकले. 1927 च्या महाड सत्याग्रहाच्या काळात बाबासाहेबांचे समता सैनिक दल उभे राहिले. जुलै 1942 मध्ये आपल्या नागपुरात मोठी परिषद भरली, तेव्हा दलाची आणि महिलांचीही स्वतंत्र परिषद झाली. दलाचे काम स्वयंसेवेचे, यात वाद नाही. पण रोज दीड तास दुसऱ्याच्या लेकरांना शिकवणे हे पोटापाण्याचे काम आहे. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली आहे. कष्टाची फी मागण्यात लाज कसली?

जपानात जिगोरो कानो यांनी 1882 साली ज्युदोची शाळा काढली ती तोक्योतल्या एका बौद्ध विहारात. बारा चटया, नऊ शिष्य. पण कानो अध्यापक होते, त्यांना पगार होता. आपल्या पोरांना तो नाही. (बोधिधर्माने चीनमध्ये ही विद्या नेली असे काही वर्गांत सांगतात. इतिहासकार ते मानत नाहीत. न सांगितले तरी काही बिघडत नाही.)

आता प्रशिक्षकांना चार शब्द. फीचे पहिल्या दिवशीच सांगा, वही ठेवा, पावती द्या. खरोखर अडचणीतल्या घरची दोन-चार मुले फुकट घ्या, पण कोणती ते वर्गात कळू देऊ नका. उद्यम नोंदणी मोफत होते. दलालाला पैसे देऊ नका. सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षा योजनेत तीन महिन्यांच्या स्वसंरक्षण प्रशिक्षणाची तरतूद आहे, तेव्हा जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांना जाऊन भेटा. मुलींची तुकडी अंधार पडण्याआधी सोडा. शिकवायला बाई मिळाली तर आयाबहिणी न बोलावता मुली पाठवतील.

एका गोष्टीवर मात्र आम्ही गप्प बसणार नाही. काही ठिकाणी दर तीन महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा, दर परीक्षेला वेगळी फी आणि सगळेच पास! हा पट्टा शिकून मिळत नाही, विकत मिळतो. मोलमजुरी करणारी आई पोटाला चिमटा काढून ते पैसे भरते. उद्या मुलीवर प्रसंग आला तर तो पट्टा तिच्या काय कामाचा? नोकरीचे गाजरही दाखवू नका. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे खरे, पण ते शासनाने ठरवलेल्या खेळांना आणि ठरवलेल्या स्पर्धांनाच. ज्युदो आणि तायक्वांदो ऑलिंपिकमध्ये आहेत. कराटे एकदाच खेळला गेला, 2021 साली झालेल्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये. पालकांनी प्रमाणपत्रावरच्या संघटनेचे नाव जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे. सोनेरी शिक्का पाहून भुलू नये.

आणि या महिन्याची फी राहिली असेल तर मुलाच्या हाती पाठवू नका. स्वतः जा, दहा मिनिटे वर्ग पाहा, गेल्या परीक्षेत किती मुले नापास झाली तेही विचारा.