ट्रॅक्टरातील दिशाबदल : यांत्रिक की द्रवचालित शटल?

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडते. १९७५ नंतर तेथे नालाबांध, पाझर तलाव व समतल चर यांच्या साहाय्याने पाणलोट क्षेत्राचा विकास करण्यात आला. अशा कामांची एक अपरिहार्य बाजू अशी की, अडविलेल्या पाण्याबरोबर गाळही अडतो आणि तो वेळोवेळी काढून शेतात पसरल्यावाचून साठवण टिकत नाही. राज्य शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेचा आधारही हाच विचार होय. गाळ व शेणखत भरण्यासाठी ट्रॅक्टरला लोडर जोडला, म्हणजे ट्रॅक्टराच्या निवडीत एक नवा प्रश्न उभा राहतो. तो म्हणजे पुढे-मागे जाण्यासाठी कोणत्या प्रकारची शटल-यंत्रणा असावी हा होय.

नांगरटीत दिशाबदलाचे प्रसंग बहुधा बांधापाशी वळतानाच येतात. लोडरच्या कामाचे स्वरूप निराळे असते. ढिगाकडे जाणे, मागे येणे, ट्रॉलीकडे जाणे व पुन्हा मागे येणे अशा प्रत्येक फेरीत दिशा चार वेळा बदलते. मिनिटास एक फेरी धरल्यास तासाला असे २४० प्रसंग येतात. निवडीचा विचार या आकड्यापासूनच सुरू केला पाहिजे.

यांत्रिक शटलमध्ये पुढील व मागील गतीसाठी स्वतंत्र दंतचक्रे असून, त्यांपैकी एकाची जोडणी सिंक्रोमेशच्या द्वारे होते. चालकाने क्लच दाबून ट्रॅक्टर थांबवावयाचा, दांडा फिरवावयाचा व क्लच हळूहळू सोडावयाचा, असा क्रम असतो. येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. सिंक्रोमेश केवळ क्लचची तबकडी व तिला जोडलेला दंड यांची गती जुळविते. संपूर्ण ट्रॅक्टराची गती उलट करण्याचे कार्य तिचे नव्हे. तो भार क्लचवरच पडतो.

द्रवचालित शटलमध्ये तेलात बुडालेल्या बहुतबकडी क्लचचे दोन संच असतात. एक पुढील व दुसरा मागील गतीसाठी असतो. दांडा हलविताच झडपेतून तेलाचा दाब एका संचातून काढून दुसऱ्यास क्रमशः दिला जातो. त्यामुळे पायाने क्लच दाबावा लागत नाही. एंजिनाची शक्ती चालू असताना तेलदाबाने गती बदलण्याची कल्पना नवी नाही. फोर्ड कंपनीने १९५९ मध्ये ‘सिलेक्ट-ओ-स्पीड’ ही दहा पुढील व दोन मागील गतींची यंत्रणा प्रचारात आणली होती.

दोहोंतील भेद उष्णतेच्या हिशेबाने स्पष्ट होतो. ट्रॅक्टर, लोडर व भार मिळून वस्तुमान ३,००० किलोग्रॅम आणि वेग ताशी ६ किलोमीटर मानल्यास गतिज ऊर्जा सुमारे ४.२ किलोज्यूल येते. ट्रॅक्टर ब्रेकने थांबविल्यास ही ऊर्जा ब्रेकमध्ये खर्च होते; मग उलट दिशेने तोच वेग घेताना, एंजिनाची गती स्थिर धरल्यास, क्लचमध्ये ४.२ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. परंतु ब्रेक न लावता केवळ क्लचने दिशा उलटविल्यास प्रारंभीची सापेक्ष गती दुप्पट असते. उष्णता या गतीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती चौपट, म्हणजे सुमारे १६.७ किलोज्यूल होते. तासाला २४० वेळा असे घडल्यास एकूण उष्णता ४,००० किलोज्यूल, अर्थात सरासरी १.१ किलोवॅट भरते.

यावरून असे दिसते की, द्रवचालित यंत्रणेत उष्णता कमी उत्पन्न होते असे नाही. उलट ती अधिक होते. तिचा गुण हा की, वाहते तेल ती उष्णता क्लचपासून दूर नेते. कोरड्या क्लचला हा आधार नसतो. म्हणून घाईने ब्रेक टाळणाऱ्या चालकाच्या हाती यांत्रिक शटलमधील क्लचचे अस्तर लवकर जळते.

तथापि या सोयीचे मूल्य द्यावे लागते. पंप सतत शक्ती घेतो, मोकळ्या तबकड्यांवर तेलाचा रोध असतो आणि तेल व गाळणी स्वच्छ ठेवणे अनिवार्य ठरते. उन्हाळ्यात गाळाच्या धुळीत काम करताना तर याची विशेष दक्षता हवी. दुरुस्तीसाठी दाबमापक व प्रशिक्षित कारागीर लागतो. यांत्रिक शटलचा क्लच गावाजवळच्या फिटरकडूनही बदलून घेता येतो. शिवाय एंजिन बंद असता तेलदाब नसल्यामुळे द्रवचालित ट्रॅक्टर ढकलून सुरू करता येत नाही, आणि गिअरच्या आधाराने उतारावर उभाही ठेवता येत नाही. तेथे हातब्रेकच लावावा लागतो. पाझर तलावाच्या उतारावर ही गोष्ट जिवाशी संबंधित आहे.

सारांश, निवडीचा निकष ट्रॅक्टराची अश्वशक्ती नसून वर्षातील लोडरच्या कामाचे तास व चालकांची संख्या हा होय. ज्याचे मुख्य काम नांगरट, पेरणी व वाहतूक हे आहे आणि जो स्वतःच ट्रॅक्टर चालवितो, त्या शेतकऱ्यास यांत्रिक शटल पुरेसे व किफायतीचे आहे. भाड्याने गाळ व खत भरण्याचे काम करणाऱ्यास, ज्याचा ट्रॅक्टर अनेक चालकांच्या हाती जातो, द्रवचालित यंत्रणेचा अधिक खर्च न्याय्य ठरू शकतो. मात्र तिच्या देखभालीची सोय जवळपास असली पाहिजे. ती नसल्यास ऐन हंगामात बंद पडलेल्या ट्रॅक्टराची किंमत वाचलेल्या क्लचपेक्षा अधिक होईल.