मायक्रोअँपिअरचा हिशेब

विहिरीतल्या पाण्याची पातळी किंवा मळ्यातल्या मातीचा ओलावा दर तासाला घरबसल्या कळावा, एवढीच गरज असेल तर त्यासाठी लागणारे सामान पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. ईएसपी३२ चा बोर्ड, लोरा रेडिओचे मॉड्यूल, १८६५० आकाराचा लिथियम सेल आणि एखादा सेन्सर, सगळे मिळून एका साध्या स्मार्टफोनपेक्षा कितीतरी स्वस्त. यावरून असा समज पसरला आहे की हौशी मंडळींच्या खुल्या हार्डवेअरचा मोठा फायदा म्हणजे पैशांची बचत. मला हे कारण अपुरे वाटते. चिप स्वस्त झाल्या त्या कारखान्यांतल्या प्रचंड उत्पादनामुळे. त्यात हौशी लोकांचा हात फारसा नाही. त्यांच्या उघड्या आराखड्यांनी जे दिले ते वेगळेच आहे आणि माझ्या मते जास्त मोलाचे आहे: उपकरण बंद पडले तर ते कशामुळे पडले, हे शोधण्याची सोय.

बॅटरीचेच पाहा. ईएसपी३२ च्या डेटाशीटमध्ये डीप स्लीपमधला प्रवाह साधारण १० मायक्रोअँपिअर दिलेला असतो. २,५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल या हिशेबाने वर्षानुवर्षे चालायला हवा. मध्येमध्ये निरोप पाठवण्यात आणि सेल आपोआप उतरण्यात जे जाईल तेवढेच वजा. पण बाजारातला साधा डेव्हलपमेंट बोर्ड तसाच त्या सेलला जोडला तर दहा-वीस दिवसांत मान टाकतो. सेल आणि बोर्ड यांच्यामध्ये सिरीजमध्ये मल्टीमीटर लावला की कारण आकड्यात दिसते: झोपेतसुद्धा पाच ते दहा मिलिअँपिअर वाहत असतात, म्हणजे अपेक्षेच्या पाचशे ते हजार पट. चिप झोपलेली असते, जागे असतात ते तिचे शेजारी. ते कोण, हे सर्किट डायग्राम सांगतो. एएमएस१११७ जातीचा रेग्युलेटर, जो पुढे काहीच काम नसले तरी स्वतःपुरते पाचेक मिलिअँपिअर घेतो. संगणकाशी बोलण्यासाठी बसवलेली यूएसबीची चिप. आणि दिवसरात्र पेटलेला लाल एलईडी. मग सोल्डरिंग आयर्न तापवायची, एलईडी उचकटायचा, यूएसबी चिपचा पुरवठा तोडायचा, रेग्युलेटरच्या जागी एचटी७८३३ सारखा मितभाषी भाग बसवायचा आणि पुन्हा मल्टीमीटर लावायचा. एकेक भाग निघाला की आकडा खाली येतो आणि शेवटी मायक्रोअँपिअरच्या घरात पोचतो. दोष नेमका कोणत्या भागाचा आणि किती, याची अशी वाटणी आराखडा हाती असल्याशिवाय करता येत नाही. बंद डब्यातल्या उपकरणात हाच दोष असेल तर ग्राहकाच्या वाट्याला एकच सल्ला येतो, नवीन घ्या.

रेडिओच्या बाबतीतही तेच. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याविना खुला आहे. २०२१ मध्ये त्याची हद्द ८६८ पर्यंत वाढली. या पट्ट्यासाठी पाव-तरंग अँटेना म्हणजे साधारण साडेआठ सेंटीमीटरची सरळ तार. ४३३ मेगाहर्ट्झला ती दुप्पट लागते. स्वस्त मॉड्यूलसोबत येणारी स्प्रिंग पुष्कळदा भलत्याच पट्ट्याची असते, आणि निरोप पोचेनासा झाला की माणूस तार मोजायची सोडून सॉफ्टवेअरमधला स्प्रेडिंग फॅक्टर, म्हणजे निरोप किती सावकाश पाठवायचा तो आकडा, वाढवतो. निरोप पोचतो खरा, पण त्याची किंमत मोजावी लागते. १२५ किलोहर्ट्झच्या बँडविड्थवर वीस बाइटांचा निरोप फॅक्टर ७ ला सुमारे ५७ मिलिसेकंदांत जातो. फॅक्टर १२ ला त्यालाच १.३ सेकंद लागतात. तेवढा वेळ मॉड्यूल सेलमधून भरपूर प्रवाह ओढते, आणि हवेतला तो चॅनेलही इतरांसाठी अडून राहतो. साडेआठ सेंटीमीटरच्या तारेने जे काम झाले असते, ते बॅटरी जाळून केले जाते.

यावर जाणकार एक रास्त आक्षेप घेतात. ज्या चिपवर हे सगळे उभे आहे ती कुठे खुली आहे? लोराचे तंत्र फ्रान्समधल्या सिक्लिओ या कंपनीत जन्मले, २०१२ मध्ये ती कंपनी सेमटेकने विकत घेतली, आणि त्यावर पेटंट आहेत. शांघायच्या एस्प्रेसिफची ईएसपी८२६६ चिप २०१४ मध्ये हौशी लोकांच्या हाती पडली तेव्हा तिची कागदपत्रे तुटपुंजी होती आणि तीही बरीचशी चिनी भाषेत. हे सगळे खरे आहे, आणि खुलेपणाची हद्द चिपच्या पायांशी संपते हे मान्यच केले पाहिजे. पण हौशी मंडळी त्या हद्दीशी थांबून राहिली नाहीत. ईएसपी८२६६ ची कागदपत्रे त्यांनी इंग्रजीत आणली, आर्डुइनोच्या साधनांत तिला बसवले. २०१६ पर्यंत संशोधकांनी सॉफ्टवेअर रेडिओच्या मदतीने लोराची लहरही बरीचशी उलगडून दाखवली. शिवाय शेतात किंवा गच्चीवर उपकरण मरते ते बहुधा चिपच्या आतल्या गुपितामुळे मरत नाही. पुरवठा, अँटेना, कच्चा सोल्डर, डब्यात शिरलेली ओल, चुकीचा कोड, ही कारणे चिपच्या बाहेरची आहेत आणि ती सगळी पाहता येतात.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. आराखडा उघडा असला की वाईट नकलाही तेवढ्याच सहज निघतात. एकाच नावाचे दोन बोर्ड, एकावर बरा रेग्युलेटर, दुसऱ्यावर मिळेल तो. याला आराखडा एकटा पुरत नाही, त्याच्यासोबत मोजमाप हवे. एनआरएफ२४एल०१ या २.४ गिगाहर्ट्झच्या स्वस्त मॉड्यूलचे उदाहरण बोलके आहे. पुरवठ्याच्या पायांवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की ते नीट चालू लागते, हे जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या टेबलावर पाहिले आणि लिहून ठेवले, म्हणून आज नवशिक्यालाही ते ठाऊक असते.

म्हणून नुसत्या गर्बर फाइली टाकून आपला प्रकल्प खुला म्हणवणाऱ्यांशी माझे पटत नाही. गर्बर म्हणजे कारखान्याला छापण्यासाठी दिलेला कागद. त्यावरून बोर्ड बनतो, पण सुधारता येत नाही. खुल्या हार्डवेअरची सर्वमान्य व्याख्याही बदल करता येईल अशा मूळ फाइलींची मागणी करते. आपल्याकडचे जे विद्यार्थी आणि हौशी लोक असे बोर्ड बनवतात त्यांना एवढेच सांगणे आहे: किकॅडच्या मूळ फाइली द्या, भागांची यादी द्या, रेग्युलेटरचा नंबर लिहा, अँटेनाची लांबी लिहा, आणि झोपेतला प्रवाह डेटाशीटमधून न उतरवता मीटर लावून मोजलेला द्या.