ध्वनिमुद्रित पाठांची तपासणी

वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी असला म्हणजे पाठ्यपुस्तकातील धडे स्वतः वाचून ध्वनिमुद्रित करून देण्याचा मार्ग शिक्षकांस मोकळा आहे. अशा विद्यार्थ्यासाठी पुस्तकाची श्राव्य प्रत करण्यास भारतीय कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने सवलत दिलेली आहे. परंतु वाचन संपले म्हणजे काम संपले, असे नव्हे. डोळस मुलास पुसट छापलेले अक्षर शेजाऱ्याच्या पुस्तकात पाहून घेता येते. खरखरीखाली दडपलेला शब्द मात्र ऐकणाऱ्याने शोधावा कोठे?

ध्वनिमुद्रण चांगले की वाईट, हे अंदाजाने ठरविण्याचे कारण नाही. ऑडिबल ह्या कंपनीच्या एसीएक्स ह्या व्यवस्थेने श्राव्य पुस्तकांसाठी काही मापे घालून दिलेली आहेत. ती विक्रीच्या पुस्तकांसाठी असली, तरी आपणांस कसोटी म्हणून उपयोगी पडतात. संगणकावर आवाजाची मोजणी शून्यापासून खाली होते. शून्य डेसिबल म्हणजे यंत्रास नोंदविता येणारा सर्वांत मोठा आवाज. त्याहून लहान आवाज उणे अंकांत येतात, आणि दर २० डेसिबलांनी ध्वनितरंगाची उंची एक दशांश होते. वाचनाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ च्या दरम्यान असावी. एकही क्षणिक उच्चांक उणे ३ च्या वर जाऊ नये. आणि वाचक थांबला असता मागे उरणारा खोलीचा आवाज उणे ६० च्या वर नसावा. ऑडॅसिटी ह्या विनामूल्य साधनास एसीएक्स चेक ही जोड दिली, तर हे तिन्ही अंक क्षणात मिळतात.

पहिले दोन अंक नंतर दुरुस्त करता येतात. खरी अडचण तिसऱ्याची आहे. समजा, वाचन उणे ३५ वर आणि पंख्याची घरघर उणे ५५ वर मुद्रित झाली. वाचन उणे २० वर आणण्यासाठी सर्व आवाज १५ डेसिबलांनी वाढविला, तर घरघरही तितकीच वाढून उणे ४० वर येते. दोहोंतील अंतर २० चे २० च राहिले! हे अंतर वाढवावयाचे ते वाचतानाच. पंखा बंद करावा. पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजत असेल, तर त्या दिवशी मुद्रण करूच नये. रिकाम्या वर्गात आवाज घुमतो, म्हणून सामानाने भरलेली लहान खोली निवडून भिंतींस सतरंज्या लावाव्यात. ध्वनिग्राहक तोंडापासून सुमारे एक वीत अंतरावर, किंचित बाजूस ठेवावा, म्हणजे प, फ, भ उच्चारताना श्वासाचा धक्का त्यावर बसत नाही.

खरखर पुसून टाकणारी साधने आहेत, पण ती बेताने वापरावीत. अति वापराने स, श ह्यांसारख्या वर्णांची धारही पुसली जाते, आणि ऐकूनच शुद्धलेखन शिकणाऱ्या मुलास ती धार हवी असते. काहीजण वाक्यांमधील विराम पूर्णपणे नि:शब्द करतात. तसे केल्याने तिसरा अंक उत्तम दिसतो. प्रत्यक्षात प्रत्येक वाक्याबरोबर घरघर येते आणि जाते, ती अधिकच त्रासदायक होते.

तेव्हा अंकांनंतर कानांची तपासणी हवीच. प्रस्तुत लेखकाचा एक धडा तिन्ही अंकांत उत्तीर्ण झाला होता. मधला एक परिच्छेद मात्र त्यात नव्हताच! स्वतःचे वाचन ऐकताना गाळलेले वाक्य मन आपोआप भरून काढते. २००५ साली सुरू झालेल्या लिब्रिव्हॉक्स ह्या उपक्रमात स्वयंसेवक कॉपीराइटमुक्त पुस्तके वाचतात, आणि मुद्रण प्रसिद्ध होण्यापूर्वी दुसरा स्वयंसेवक ते ऐकून पाहतो. आपणही सहकारी शिक्षकास पुस्तक उघडे ठेवून धडा ऐकावयास सांगावे. सारख्या शब्दांनी सुरू होणाऱ्या दोन ओळींपैकी एक गळणे, चुकलेले वाक्य व त्याची दुरुस्ती दोन्ही तशीच राहणे, पान उलटल्याचा आवाज, न सांगितलेली आकृती, ह्या गोष्टी ते तीन अंक दाखवीत नाहीत.

सापडलेली चूक मिनिट व सेकंद लिहून टिपावी. दुरुस्तीसाठी एकटा शब्द न वाचता ते वाक्य आरंभापासून, त्याच खोलीत व तितक्याच अंतरावरून पुन्हा वाचावे. नाहीतर जोड कानास तत्काळ जाणवतो.