बिब्याच्या भावकीतलं पेन

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात वाढलेल्या माणसाला बिबा ओळखायला शिकवावा लागत नाही. तो अंगावर एकदा उतला, की जन्मभर लक्षात राहतो. काळं चकचकीत बी, त्याला चिकटलेलं नारिंगी बोंड आणि टरफलात दडलेलं काळपट तेल. बोंड पोरं खातात, बी फोडून काढलेली गोडंबी थंडीच्या लाडवांत पडते. तेल मात्र कातडीला लागलं, की आग, सूज आणि फोड. तरीही हेच तेल परीट पिढ्यान्‌पिढ्या कपड्यांवर खुणा करायला वापरत आले. बिब्याचा टिपका लावायचा, वर चुना फिरवायचा. खूण काळी पडते आणि कापड विरेपर्यंत टिकते.

माझ्या टेबलावर एक काळं जपानी फाउंटन पेन आहे. त्यावर उरुशी नावाचा लेप आहे. हे पेन समजून घेताना मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो बिब्याचा. कारण उरुशी हा बिब्याच्या भावकीतल्या एका झाडाचा चीक आहे. अशा पेनाबरोबर काय करावं आणि काय टाळावं याची यादी येते. ती पाठ करण्यापेक्षा झाड समजून घ्यावं. मग यादीतली बहुतेक कलमं आपली आपणच सुचतात.

लाख नव्हे, चीक

आधी एक गैरसमज दूर करू. अशा पेनांना इंग्रजीत ‘लॅकर’ची पेनं म्हणतात आणि तो शब्द आपल्या ‘लाखे’वरूनच युरोपात गेला. पण लाख वेगळी, उरुशी वेगळी. लाख हा किड्यांनी केलेला पदार्थ. पळस, कुसुम, बोर यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वसतात, रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतात. आपल्या रानातली लाख ती हीच. ती उष्णतेने वितळते, स्पिरिटमध्ये विरघळते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर आणि गंजिफांवर चकाकी येते ती तिच्यामुळे.

उरुशी वितळत नाही आणि एकदा पक्की झाली की स्पिरिटमध्ये विरघळतही नाही. चीन, कोरिया आणि जपानमध्ये वाढणाऱ्या झाडाच्या सालीतून ती निघते. झाडाचं शास्त्रीय नाव टॉक्सिकोडेंड्रॉन व्हर्निसिफ्लुअम. त्याचं कूळ तेच, ज्यात आपला आंबा, काजू, चारोळी आणि बिबा येतात. बिब्याच्या तेलात भिलावनॉल असतं, उरुशीत उरुशिऑल. दोन्ही रेणूंची घडण सारख्याच धाटणीची. म्हणून उरुशीचं काम नव्याने शिकणाऱ्या जपानी कारागिराच्या हातांवर जे फोड येतात, ते आपल्याकडच्या बिबा फोडणाऱ्या बाईला लगेच ओळखू येतील.

झाड दहा-पंधरा वर्षांचं झालं की जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्याच्या खोडावर काही दिवसांच्या अंतराने आडव्या चिरा देतात. प्रत्येक चिरेतून थेंब-थेंब चीक खरवडून घ्यायचा. पूर्ण हंगामात एका झाडापासून मिळतो जेमतेम वाटीभर, सुमारे दोनशे ग्रॅम. जपानच्या पद्धतीत त्यानंतर ते झाड तोडतात आणि मुळातून फुटलेल्या धुमाऱ्यांतून नवं झाड वाढवतात. जपानमध्ये निघणाऱ्या उरुशीचा मोठा वाटा उत्तरेकडच्या इवाते प्रांतातल्या जोबोजी भागातून येतो.

जो लेप पावसाळी हवेत वाळतो

आपल्याला सवय आहे ती ऊन दाखवून वाळवण्याची. मोहफूल, पापड, कुरडया, तेंदूपत्ता, सगळं उन्हात. उरुशीचं उलट आहे. तिच्यात उरुशिऑल आणि पाणी यांच्याबरोबर किंचित प्रमाणात एक विकर असतं. १८८३ साली हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने त्याचा माग काढला. पुढे त्याला ‘लॅकेज’ हे नाव मिळालं. हे विकर हवेतला प्राणवायू घेऊन उरुशिऑलचे रेणू एकमेकांत गुंफतं. पण त्याला काम करायला ओल लागते. म्हणून लेप दिलेली वस्तू एका बंद, दमट कपाटात ठेवतात: तापमान वीस ते तीस अंश, आर्द्रता सत्तर ते पंच्याऐंशी टक्के.

म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगायचं तर गडचिरोलीतली ऑगस्टची हवा. चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या झळांत तोच लेप दिवसेंदिवस चिकट राहील. उरुशी वाळत नाही, लोणच्यासारखी मुरते. हा एक शब्द ध्यानात ठेवला की पेनाचा अर्धा स्वभाव कळला.

काळा रंगही काजळी घालून आणलेला नसतो. चिकात लोखंडाचा अंश मिसळतात. त्याची उरुशिऑलशी क्रिया होते आणि चीक आतूनच काळा होतो. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई करत, तिथेही झाडातलं द्रव्य आणि लोखंड यांचीच गाठ पडत असे.

पेनावर लेप कसा चढतो

अशा पेनाचा सांगाडा बहुधा एबोनाइटचा असतो. एबोनाइट म्हणजे रबराच्या झाडाचा चीक भरपूर गंधक घालून तापवून कडक केलेला. तो लेथवर सुबक कातता येतो आणि हाताला धातूसारखा गार लागत नाही. त्याचा दोष एकच: उजेडात राहिला की काळा रंग उतरून मातकट होतो.

हा दोष हाताळला तो रियोसुके नामिकी यांनी. जहाजांच्या यंत्रांचं शिक्षण घेतलेल्या या माणसाने १९१८ साली मासाओ वादा यांच्यासोबत टोकियोत पेनाची कंपनी काढली; तीच पुढे ‘पायलट’ झाली. एबोनाइटवर उरुशी चढवली तर रंग टिकतो, हे त्यांच्या कारखान्याने १९२० च्या दशकात साधलं. लेप आला, मग त्यावर चित्रही आलं. १९३० साली लंडनच्या डनहिल कंपनीशी करार झाला आणि गोनरोकु मात्सुदा यांच्यासारख्या श्रेष्ठ कलावंताच्या देखरेखीखालची जपानी पेनं युरोपातल्या दुकानांत पोचली.

कामाचा क्रम असा. कातलेल्या एबोनाइटमध्ये कच्चा चीक जिरवायचा. मुरू द्यायचा. पातळ थर द्यायचा, पुन्हा मुरू द्यायचा. पाण्यासोबत कोळशाने घासून सपाट करायचा. पुन्हा थर. जाड थर दिला तर वरची साय आधी धरते, आत ओल राहते आणि पृष्ठभागाला सुरकुत्या पडतात. म्हणून घाई करताच येत नाही. शेवटी अगदी बारीक भुकटीने हाताच्या तळव्याने घासत चकाकी आणतात. साध्या एकरंगी पेनालाही यात महिने लागतात.

त्यावर सोन्याचं चित्र असेल तर त्याला माकी-ए म्हणतात, म्हणजे भुरभुरून काढलेलं चित्र. ओल्या उरुशीने रेषा काढायची आणि ती ओली असतानाच बारीक नळीतून सोन्याची पूड तिच्यावर सोडायची. रांगोळीच्या चिमटीत जो संयम लागतो, तोच इथे. चूक झाली तर पुसायला फार थोडा वेळ मिळतो. अशा पेनांची किंमत लाखांत जाते ती सोन्यामुळे कमी, या महिन्यांमुळे जास्त.

शाईचा प्रवास

देखण्या लेपाच्या आत मात्र साधं भौतिकशास्त्र आहे. निबेला मधोमध चीर असते. निबेखाली फीड नावाचा तुकडा असतो, त्यात शाईसाठी केसासारखी बारीक वाट आणि हवेसाठी दुसरी. दिव्याच्या वातीत तेल चढतं, तशी शाई त्या वाटेने टोकापर्यंत ओढली जाते. जितकी शाई कागदावर उतरते, तितकी हवा बुडबुड्याने टाकीत जाते. फीडवरच्या आडव्या खाचा जादा शाई धरून ठेवतात. निब चौदा, अठरा किंवा एकवीस कॅरट सोन्याची. पण सोनं मऊ असल्याने कागदाला टेकणारा टिपका कठीण मिश्रधातूचा असतो.

मोठ्या जपानी पेनांत दांडीच टाकी असते. ड्रॉपरने थेट आत शाई भरायची. अशा पेनात एक जुनी अडचण आहे. टाकी अर्धी रिकामी झाली की आत हवा जास्त राहते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. शाळेतल्या पेनाने वहीवर टाकलेले डाग आठवतात ना, ते यामुळेच. जपानी उपाय म्हणजे शाईबंद झडप. दांडीच्या आत लांब सळई असते, तिच्या टोकाला बूच. दांडीच्या मागच्या टोकाला फिरवायचा गोंडा असतो; तो आवळला की बूच टाकीचं तोंड बंद करतं. लिहिताना गोंडा दोन-तीन मिलिमीटर सैल करायचा, लिहून झालं की आवळायचा. बंद ठेवूनही फीडजवळच्या शाईवर पान-दीड पान निघतं. हे कळायच्या आधी मी एका पत्राच्या मायन्यावरच रुपयाएवढा डाग पाडला होता. पेन बिघडलेलं नव्हतं. दुपारच्या उकाड्यात गोंडा सैल राहिला होता.

शाई साधी, रंगद्रव्य पाण्यात पूर्ण विरघळलेली वापरावी. मुंबईत १९३१ साली सुरू झालेल्या दांडेकरांच्या कॅम्लिनने मराठी शाळकरी पोरांना ओळख करून दिली ती अशाच शाईची. ज्यांत बारीक कण तरंगतात त्या शाया टिकाऊ असतात, पण वाळल्या की फीडची वाट बुजवतात.

देवनागरी आणि निब

जपानी निबा एकूण बारीक असतात, कारण कांजी लिपीत एका अक्षरात वीस-वीस रेघा मावाव्या लागतात. जपानी मध्यम निब ही युरोपातल्या बारीक निबेच्या जवळ जाते. आपल्याला ही गोष्ट सोयीची आहे. ‘ष्ट्य’, ‘द्ध्व’, ‘क्ष्म’ ही जोडाक्षरं जाड निबेत गढूळ होतात, बारीक निबेत स्वच्छ उमटतात. पण बोरूचं वळण हवं असेल, म्हणजे उभी रेघ भरीव आणि तिरपी बारीक, तर टोकाला सपाट घासलेली निब घ्यावी.

बॉलपेनच्या सवयीने आपण दाब देतो. इथे दाब नको. पेनाचं वजनच पुरे. निबेचे दोन्ही दाते कागदाला सारखे टेकले पाहिजेत. शिरोरेघ ओढताना हात आडवा सरकतो आणि नकळत मनगट वळतं. रेघ मध्येच फिकी झाली तर दोष बहुधा त्या वळण्यात असतो. शब्द पूर्ण लिहून शेवटी एका ओढीत शिरोरेघ दिली, तर निब सगळ्यात सुखाने चालते.

कागदाला खळ दिलेली हवी, नाहीतर शाई तंतूंमधून पसरते आणि अक्षराला मिशा फुटतात. आपल्या जिल्ह्यात हे सांगणं जास्त सोपं आहे. बल्लारपूरच्या कागद कारखान्याची कंपनी १९४५ साली निघाली आणि या रानातला बांबू तिथे लगदा होऊन कागद बनत गेला. बांबूचा तंतू तोच, पण शाई त्यावर थांबते की फुटते, ते वरची खळ ठरवते.

आपल्या तीन ऋतूंत जपणूक

उन्हाळा हा खरा परीक्षेचा काळ. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा पेन खिडकीत किंवा उभ्या गाडीत ठेवू नये. उरुशी आम्ल, पाणी, स्पिरिट सोसते. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण मात्र तिला सोसत नाहीत, चकाकी कायमची मरते. टाकी भरलेली ठेवावी, गोंडा आवळलेला आणि टोपण लावलेलं. उघडी निब चार वाक्यं सुचेपर्यंत कोरडी पडते.

पावसाळ्यात लेपाला धोका नाही, ती तर त्याची जन्मवेळ. धोका शाईला आणि कापडी पिशवीला, दोन्हींना बुरशी धरते. दोन-तीन आठवड्यांनी साध्या गार पाण्याने पेन आतून धुवावं, गरम पाणी टाळावं, आणि ते पाण्यात बुडवून ठेवू नये. हिवाळ्यात काहीच लागत नाही. मऊ जुन्या सुती लुगड्याचा तुकडा पुरतो. पॉलिश लावू नये. किल्ल्यांसोबत खिशात टाकू नये. उरुशी कठीण असली तरी लोखंडाचा ओरखडा घेते.

नव्या पेनाला किंचित आंबूस वास येतो, तो काही महिन्यांत जातो. ज्याला बिबा फार उततो त्याने अगदी ताज्या लेपाचं पेन थोडं थांबून हाताळावं. वर्षं जातात तशी उरुशी अधिक पारदर्शक होत जाते. लाल थरावर तपकिरी थर दिलेल्या पेनाच्या कडांतून लाली हळूहळू वर येते. मालकाने त्यासाठी करायचं एवढंच, की रोज लिहायचं.

फाउंटन पेनाचा आणि आपल्या भागाचा संबंध माझ्या टेबलावरच्या पेनाहून जुना आहे. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी केलेलं स्वदेशी पेन गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पा यांच्या हस्ते वर्ध्याला गांधीजींपर्यंत पोचलं आणि १९३५ साली गांधीजींनी वापरून पाहून त्यांना आभाराचं पत्र लिहिलं. आपल्याकडे एबोनाइट कातणारे हात आहेत. लाख आहे, बिबा आहे, हिरडा आहे, बांबू आहे. जपानने वेगळं केलं ते एवढंच, की अंगावर फोड उठवणाऱ्या एका चिकाला हजारो वर्षं सोडलं नाही. तो कशाने मुरतो, कशाने बिघडतो हे पाहत राहिले. माझं पेन उचलताना मला सोनं आठवत नाही. दमट कपाटात, अंधारात, एकेक थर मुरण्याची वाट बघत बसलेला माणूस आठवतो, आणि त्याच्या मनगटावरचा तो फोड, जो माझ्या ओळखीचा आहे.